चेहऱ्यावरच्या टाक्यांचा वण आणि बोटॉक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाळाला टाके घालून ड्रेसिंग लावलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, वण राहील का?" अलीकडे त्यामागून दुसरा येतो: "ते बोटॉक्स का काय म्हणतात, ते दिलं तर?" प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत याची उत्तरं मी तुकड्यातुकड्यांनी देत आलो आहे. दारात पुढचा पेशंट उभा असतो, त्यामुळे अर्धं सांगायचं राहून जातं. इथे सगळं एकत्र लिहितो. तुमच्या जखमेपुरता निर्णय मात्र ती जखम डोळ्यांनी पाहणारा डॉक्टरच देईल.

बोटॉक्स तर सुरकुत्यांसाठी असतं ना? टाक्यांशी त्याचा काय संबंध?

संबंध स्नायूंचा आहे. हातापायांचे स्नायू हाडाला जोडलेले असतात. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू मात्र थेट कातडीत घुसतात. म्हणूनच आपल्याला भुवया उडवता येतात, नाक मुरडता येतं, तोंड वाकडं करता येतं. आरशासमोर उभे राहा, कपाळावर वरखाली दोन बोटं टेकवा आणि आश्चर्य वाटल्यासारख्या भुवया वर करा. दोन्ही बोटं एकमेकांकडे सरकतील, भुवया सोडल्या की लांब जातील. या दोन बोटांच्या मध्ये ताजे टाके आहेत असं समजा. बोलताना, हसताना, उन्हात डोळे बारीक करताना तिथे दिवसभर ही ओढाताण चालू असते. टाके दुखतात म्हणून पेशंट हात लावत नाही, पण आठ्या घालायचं काही थांबवत नाही.

आता आकडे बघा. जखमेला पहिल्या आठवड्याअखेर मूळ कातडीच्या जेमतेम ३ टक्के ताकद आलेली असते. तीन आठवड्यांनी ती ३० टक्क्यांच्या आसपास जाते, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांपर्यंत. पूर्ण शंभर कधीच होत नाही. चेहऱ्याचे टाके आम्ही पाच ते सात दिवसांत काढतो, कारण जास्त दिवस ठेवले तर दोऱ्याचेच आडवे डाग उमटतात, शिवणीसारखे. म्हणजे वरचा आधार काढून घेतो त्या दिवशी जखम अगदी कच्ची असते. आतले विरघळणारे टाके काही काळ साथ देतात, पण स्नायू रोजचाच. नुकतंच सारवलेलं अंगण आणि त्यावरून घरातल्या सगळ्यांची ये-जा, असा तो प्रकार. ताण पडला की शरीर तिथे जास्त कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारे धागे, ओततं, वण रुंद होतो, कधी जाड होतो.

बोटॉक्सने तो स्नायू तीन ते चार महिने सैल पडतो. जखमेला ताकद यायलाही साधारण तेवढाच काळ लागतो. या उपचाराचं सगळं गणित या एका जुळणीवर उभं आहे. औषध वणावर काम करत नाही, वणाला ओढणाऱ्यावर करतं. पुढची बहुतेक उत्तरं यातूनच निघतील.

(प्रयोगशाळेत हे औषध वण तयार करणाऱ्या पेशींवरही थोडा परिणाम करताना दिसतं. पण माणसाच्या कपाळावर त्याचा वाटा किती, यावर मी तरी पैसे लावणार नाही.)

हे विष आहे असं ऐकलंय. खरं का?

खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जर्मनीत युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने १८२० च्या सुमारास खराब झालेले सॉसेज खाऊन लुळ्या पडणाऱ्या माणसांचं बारकाईने वर्णन केलं. लॅटिनमध्ये सॉसेजला 'बोटुलुस' म्हणतात, 'बोट्युलिनम' आणि 'बोटॉक्स' ही नावं तिथून आली. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एल्झेल गावी अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं आणि तिघे दगावले. त्या मांसातून एमिल व्हॅन एर्मेंगेम या जिवाणुतज्ज्ञाने जिवाणू शोधून काढला. त्याला आज क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात. तो जे विष बनवतो, तेच अगदी थोड्या मात्रेत वापरलं की बोटॉक्स.

चेतातंतूच्या टोकाकडून स्नायूला 'आवळ' असा निरोप असिटिलकोलीन या रसायनातून जातो. हे विष तो निरोप सुटूच देत नाही. स्नायू शाबूत, नसही शाबूत, फक्त मधला टपाल बंद. काही महिन्यांनी शरीर ती यंत्रणा पुन्हा उभी करतं आणि स्नायू पूर्ववत होतो.

याचं औषध केलं सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञाने, तिरळेपणासाठी. अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी मान्यता मिळाली. भुवयांमधल्या आठ्यांसाठी ती २००२ मध्ये आली. म्हणजे सौंदर्याचा धंदा नंतरचा, डोळ्याचं औषध आधीचं. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचा ठरलेला डोस २० युनिट आहे. मोठ्या माणसाच्या जिवाला धोका होईल असा डोस, माकडांवरच्या प्रयोगांवरून केलेल्या अंदाजाने, अडीच ते तीन हजार युनिटच्या घरात जातो. वणासाठी लागणारी मात्रा सहसा आठ्यांच्या मात्रेइतकी किंवा कमी. भीती विषाची बाळगू नका, बनावट बाटलीची बाळगा. त्यावर पुढे लिहिलं आहे.

याने खरंच फरक पडतो याचा पुरावा काय?

या प्रश्नावर मला थोडं थांबायचं आहे, कारण जाहिरातीत एक सांगतात आणि अभ्यासात दुसरंच असतं.

सुरुवात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून झाली. होल्गर गास्नर, डेव्हिड शेरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी माकडांच्या कपाळावर सारख्या जखमा करून बघितल्या आणि २००० साली निष्कर्ष छापले. औषध दिलेल्या बाजूचे वण चांगले होते. मग २००६ मध्ये माणसांवरचा अभ्यास आला. कपाळावर जखम असलेले ३१ जण होते. टाके घातल्यापासून २४ तासांच्या आत कुणाला औषध दिलं, कुणाला नुसतं सलाईन, आणि कोणाला काय मिळालं ते तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं. सहा महिन्यांनी फोटोंना दहापैकी गुण दिले. औषधवाल्यांचा मध्यक (गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ८.९, सलाईनवाल्यांचा ७.२.

नीट बघा. सलाईनवाल्यांनाही दहात सात मिळाले आहेत. व्यवस्थित शिवलेली कपाळावरची जखम औषधाशिवायही बऱ्यापैकी भरते. औषधाने तिला सातावरून नऊच्या जवळ नेलं, शून्यावरून नव्हे.

२०१३ मध्ये फ्रान्समधून ३० रुग्णांचा अभ्यास आला. त्यांनी ७२ तासांच्या आत इंजेक्शन दिलं आणि वर्षाने वण पाहिले. फोटोंच्या गुणांत औषधवाले पुढे होते, पण वण मोजायच्या इतर मोजपट्ट्यांवर फरक ठळक दिसला नाही. तैवानमध्ये दुभंगलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेनंतर साठेक रुग्णांवर हाच प्रयोग झाला. तिथे वण अरुंद झाला, फोटोत बरा दिसला, आणि व्हँकुव्हर नावाच्या मोजपट्टीवर दोन्ही गट सारखेच.

हा घोळ कशामुळे? माझं उत्तर असं. व्हँकुव्हर मोजपट्टी चार गोष्टी बघते: रंग, लाली, उंची आणि मऊपणा. वणाची रुंदी त्यात नाहीच. स्नायूची ओढ कमी केल्याने मुख्यतः बदलते ती रुंदी. कापडाचा पन्हा मोजायचा असताना तराजू घेऊन बसलात तर फरक दिसणार कसा?

एकूण माझं मत: फायदा खरा आहे, माफक आहे, आणि योग्य जागी योग्य वेळी दिलं तरच आहे. अभ्यास छोटे आहेत, तीसचाळीस-साठ माणसांचे. कोणी "वण गायब" असं सांगत असेल तर उठून निघा.

कधी घ्यायचं? टाके काढल्यावर आलो तर चालेल?

लवकर या. इंजेक्शन दिल्यावर परिणाम सुरू व्हायलाच दोन-तीन दिवस लागतात आणि पूर्ण जोर यायला एक ते दोन आठवडे. अपघाताच्या जखमेत शिवतानाच किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांत दिलेलं बरं. तीळ, चरबीची गाठ किंवा त्वचेच्या कर्करोगाची गाठ काढायची असेल, तारीख आधीच ठरली असेल, तर काही सर्जन आठवडा-दोन आठवडे आधीच सुई देतात, म्हणजे चाकू लागेल त्या दिवशी स्नायू आधीच झोपलेला असतो. मला हे जास्त पटतं.

टाके निघाल्यावर, म्हणजे सातव्या-दहाव्या दिवशी आलात तर? अजून पूर्ण उशीर झालेला नाही. जखम कच्चीच असते. दोन-तीन महिन्यांनी "आता रुंद दिसायला लागलं" म्हणून आलात तर मात्र गाडी सुटली. औषधाचा प्रभाव सुरू होईतो जखमेने आपला आकार धरलेला असतो.

माझा वण पाच वर्षांपूर्वीचा आहे. एक इंजेक्शन घेऊन बघू का?

नुसतं इंजेक्शन घेऊन तो पुसला जाणार नाही. पैसे वाचवा. एक अपवाद आहे: काही जुने वण खालच्या स्नायूला चिकटलेले असतात आणि चेहरा हलला की खड्डा पडतो, एरवी दिसतही नाहीत. तिथे स्नायू सैल केल्यावर खड्डा कमी होतो, पण चार महिन्यांपुरताच.

जुना वण खरोखर रुंद असेल तर तो कापून नव्याने शिवावा लागतो. तशा नव्या शिवणीला बोटॉक्सची जोड द्यायला मी बहुतेकदा होकार देतो, कारण पहिल्या वेळी तिथे ओढ जास्त होती हे वणानेच सिद्ध केलेलं असतं.

चेहऱ्यावर कुठेही देता येतं का?

नाही. जागेचा हिशोब इथे फार महत्त्वाचा.

कपाळ, भुवयांमधली जागा, डोळ्याच्या बाहेरचा कोपरा आणि हनुवटी या सोप्या आणि फायद्याच्या जागा. वरचा ओठ जमतो, पण हात हलका हवा. गालावर मी सहसा टाळतो. हसताना ओठाचा कोपरा वर उचलणारे स्नायू तिथूनच जातात, थेंबभर औषध चुकीच्या जागी गेलं की हसू एका बाजूला लटकतं. नाकाच्या शेंड्यावर किंवा डोक्याच्या केसांत ओढ करणारा स्नायू तसा नाहीच, मग सैल काय करणार?

वणाची दिशाही बघावी लागते. कपाळावर आठ्या आडव्या पडतात. जखम त्याच रेषेत असेल तर ती आठीत लपते. उभी किंवा तिरकी असेल तर आठ्यांना छेदून जाते आणि फाकते. मोटारसायकलवरून पडल्यावर कपाळाला जी खोक पडते ती बहुधा अशीच वेडीवाकडी असते, हेल्मेट डिकीत असताना पडलेली.

कपाळावरच्या उभ्या वणाचं एक जुनं प्रकरण आपल्याच पुण्याशी जोडलेलं आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचं नाक टिपूच्या सैनिकांनी कापलं. पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. ती हकीगत चित्रासह लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली आणि युरोपातल्या सर्जननी ती पद्धत उचलली. आजही नाकावरचा कर्करोग काढल्यावर आम्ही कपाळाचीच कातडी फिरवतो. त्यात कपाळावर मधोमध उभी शिवण येते. आज अशा जागी स्नायू झोपवून ठेवता येतो, त्या कारागिराला ही सोय नव्हती.

माझी एक चूकही सांगतो. भुवईच्या वर बोटभर अंतरावरची जखम होती. मी सुई थोडी खाली टोचली. आठव्या दिवशी पेशंट आल्या तेव्हा एका बाजूची भुवई उतरलेली. टाके सुंदर, पण चेहरा झोपाळू. "वणाचं जाऊ द्या, माझी भुवई परत द्या," म्हणाल्या. काही करण्यासारखं नव्हतं, वाट पाहणं एवढंच. सहा आठवड्यांत भुवई वर येऊ लागली. तेव्हापासून भुवईजवळच्या जखमेत मी ही शक्यता आधी सांगतो, मग सुई उघडतो.

दुखतं का?

इन्सुलिनची असते तशी बारीक सुई, वणाच्या दोन्ही बाजूंना काही टोचे. टाके घालतानाच दिलं तर भूल आधीच दिलेली असते, कळतही नाही. नंतर दिलं तर मुंगी चावल्यासारखं. पाच मिनिटांचं काम.

चेहरा पुतळ्यासारखा होईल का?

जखमेभोवतीचा भागच सैल होतो. कपाळावर दिलं तर तीन-चार महिने एका बाजूची आठी कमी पडेल. एकाच बाजूला दिल्याने दोन भुवया वरखाली दिसत असतील तर दुसऱ्या बाजूलाही थोडं देऊन तोल साधता येतो. ज्यांचा पोटापाण्याचा व्यवसायच चेहऱ्यावर आहे, नट, गायक, कीर्तनकार, त्यांनी हे आधी बोलून घ्यावं. ओठाभोवती दिल्यावर शिट्टी वाजवणं, बासरी, शंख फुंकणं काही आठवडे अवघड जातं.

दुष्परिणाम कोणते? कोणी घेऊ नये?

टोचल्या जागी थोडं काळंनिळं होणं, डोकं दुखणं, हे नेहमीचं. पापणी किंवा भुवई उतरणं, दोन-दोन दिसणं, हसू वाकडं होणं, हे औषध शेजारच्या स्नायूत पसरल्याने होतं आणि आपोआप जातं. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर ते दुर्मीळ पण गंभीर. अशा वेळी क्लिनिकला व्हॉट्सॲप करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल, जखमेत पू किंवा संसर्ग असेल, तर घेऊ नका. जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं चालू असतील तर तसं सांगा, ती या औषधाचा जोर वाढवतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, पण स्वतःच्या मनाने त्या बंद करू नका. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर डिस्पोर्ट हा ब्रँड चालत नाही.

आणखी एक. वणासाठी म्हणून हे औषध अधिकृतपणे मंजूर झालेलं नाही. ते आठ्या, पापण्यांची आकडी, तिरळेपणा यांसाठी मंजूर आहे. वणासाठी डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर वापरतात. वैद्यकात असं बरंच होतं, बेकायदा नाही, पण संमतीपत्रावर सही करताना तुम्हाला हे माहीत असायला हवं.

माझ्या घराण्यात केलॉइड होतात. बोटॉक्सने थांबेल?

केलॉइड म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारा कडक, खाजरा गड्डा. कानाच्या पाळीवर, छातीवर, खांद्यावर जास्त होतो. आपल्या सावळ्या कातडीत त्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त. चेहऱ्याच्या मध्यभागी सुदैवाने कमी. त्याचं मूळ दुखणं निव्वळ ओढ नाही, म्हणून बोटॉक्सवर विसंबून राहू नका. तिथे अजूनही वणातच देण्याचं स्टेरॉइडचं इंजेक्शन, सिलिकॉन आणि दाब हेच पहिले उपाय. कान टोचल्यावर पाळी फुगली होती का, बीसीजीची खूण जाड आहे का, हे सर्जनला आधी दाखवा. तेवढ्यावरून बरंच कळतं.

लग्न दोन महिन्यांवर आलंय आणि आत्ताच कपाळाला लागलं. काय करू?

दर हंगामात असे दोन-तीन येतात, आईसह. खरं सांगतो: दोन महिन्यांच्या सुमारास वण सगळ्यात वाईट अवस्थेत असतो. लाल, जरासा उंच, कडक. वण पिकायला, म्हणजे मऊ, सपाट आणि फिका व्हायला वर्षभर तरी लागतं. बोटॉक्स रुंदी आटोक्यात ठेवेल, पण लाली कमी करणार नाही. लग्नाच्या दिवशी ते काम मेकअपचं. घाईघाईने लेझर किंवा पील (रसायनाने वरची कातडी सोलणं) करून घेऊ नका. आपल्या कातडीवर त्याने काळा डाग उमटण्याचा धोका असतो, आणि तो लग्नानंतरही सोबत करेल.

बाळाचा ओठ दुभंगलेला आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी बोटॉक्स मागावं का?

तुम्ही मागू नका, सर्जनला विचारा. सहसा बाळ तीनेक महिन्यांचं झाल्यावर ओठ जोडतात. वरच्या ओठाचा स्नायू गोलाकार असतो. दूध ओढताना आणि रडताना तो थेट शिवणीवरच जोर काढतो. तैवानच्या अभ्यासात शिवण पूर्ण झाल्याबरोबर या स्नायूत औषध दिलं आणि वण अरुंद झाला. पण एवढ्याशा जिवाला वजनाप्रमाणे मोजून द्यावं लागतं, आणि हे रोज करणारी टीम असेल तरच. ओठाचा आकार, नाकपुडीची ठेवण, स्नायू नीट जोडला गेला का, या गोष्टी वणापेक्षा कितीतरी मोठ्या. अनुभवी हात निवडा, तो औषध न देता करत असला तरी चालेल.

खर्च किती येतो? स्वस्तात कुठे मिळेल?

युनिटवर पैसे आकारतात, म्हणून "एका इंजेक्शनचे किती" हा प्रश्नच चुकीचा. "किती युनिट लागतील आणि कोणत्या ब्रँडचे" असं विचारा. ब्रँड बदलला की युनिट बदलतं. ज्या आठ्यांना बोटॉक्सचे २० युनिट लागतात त्यांना डिस्पोर्टचे ५० लागतात. "आमच्याकडे जास्त युनिट" यावर म्हणूनच भुलू नका. बहुतेक विमा पॉलिसी कॉस्मेटिक उपचार वगळतात. अपघातातले टाके बसतात, हे सहसा बसत नाही.

बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. लेबल, बॅच, एक्सपायरी बघा, फोटो काढा. ही बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि सलाईन घालून पातळ केल्यावर बोटॉक्सच्या लेबलप्रमाणे २४ तासांत संपवायची असते. "कालच्या बाटलीतलं उरलंय, निम्म्यात देतो" हे ऐकलंत की पर्स बंद करा. ब्युटी पार्लरमध्ये तर अजिबात नको. अमेरिकेत २०२४ च्या एप्रिलमध्ये बनावट किंवा चुकीच्या हातांनी दिलेल्या बोटॉक्समुळे ११ राज्यांतल्या २२ जणांना त्रास झाल्याचं तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने जाहीर केलं, निम्मे हॉस्पिटलात भरती. इतकी देखरेख असलेल्या देशात ही गत.

परवडणार नाही. मग माझा वण वाईटच राहणार?

मुळीच नाही. माझ्या पेशंटपैकी बहुतेकांना मी बोटॉक्स सुचवतही नाही. वणाचं नशीब ठरतं ते पहिल्या तासात: जखमेतली माती-काच पूर्ण निघाली का, कडा बरोबर जुळल्या का, आतल्या थराला टाके आहेत का. त्यानंतरचं काम तुमच्या हातात आहे आणि त्याला पैसे फारसे लागत नाहीत.

टाके निघाल्यावर कागदी चिकटपट्टी, मायक्रोपोर, वणावर आडवी, कडा एकमेकींकडे ओढून लावायची. दोन महिने. निघेल तेव्हा बदलायची. ही गरिबाची बोटॉक्स म्हणा, काम तेच करते: ओढ कमी.

दोन आठवड्यांनी, खपली पूर्ण पडल्यावर सिलिकॉन जेल, मोहरीएवढं, दिवसातून दोनदा, दोन ते तीन महिने. पेशंट पंधरा दिवस लावतात आणि सोडून देतात. ट्यूब घरातल्या कुणाच्या तरी मुरमांवर संपते.

मालिश तिसऱ्या आठवड्यापासून, बोटाच्या टोकाने, दाबून. बोटॉक्स घेतलं असेल तर पहिला दिवस तिथे चोळू नका.

आणि ऊन. आपल्याकडे वण पांढरा पडण्यापेक्षा काळा पडण्याची तक्रार जास्त. सहा महिने ते वर्षभर एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, आणि टोपी किंवा ओढणी. शेतात, स्कूटरवर, बांधकामावर असाल तर टोपीच जास्त भरवशाची, क्रीम घामाने वाहून जातं.

काय लावू नये: हळद, चुना, टूथपेस्ट, लिंबू, कॉफीची पूड. आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी ती 'गोरं करणारी' ट्यूब तर नकोच. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, चेहऱ्याची कातडी पातळ होते, केस उगवतात. मग वण राहतो बाजूला आणि तेच निस्तरत बसावं लागतं.

भात, वांगं, आंबट खाल्लं तर टाके पिकतात का?

नाही. भरपूर प्रथिनं खा: डाळ, अंडी, दूध, मासे. तंबाखू, मिश्री, सिगारेट मात्र बंद. त्याने कातडीचा रक्तपुरवठा खरोखर कमी होतो. आजीने वांग्याऐवजी मिश्रीवर बंदी घातली असती तर माझं काम हलकं झालं असतं.

टिकली कधीपासून लावू?

हा प्रश्न बायका दाराशी जाऊन, परत वळून विचारतात. भुवयांच्या मधोमध जखम असेल तर टाके निघाल्यावर किमान तीन-चार आठवडे थांबा. त्यानंतरही चिकटवायची टिकली नको. तिच्या गोंदातल्या एका रसायनाने काही जणींच्या कपाळावर कायमचा पांढरा डाग पडतो, आणि ताज्या वणावर तो पडला तर सनस्क्रीनही उपयोगाचं नाही. शिवाय रोज टिकली उपटताना कच्ची कातडी ओढली जाते ती वेगळीच. लावायचंच असेल तर बाजूला, वणापासून बोटभर वर, ओलं कुंकू. ते रात्री पाण्याने पुसून टाका, घासू नका.